दोन ग्रॅम चरबी आणि गुहेचं कुलूप

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या गुहा माणसांसाठी बंद ठेवाव्यात की उघड्या, हा वाद २००९ मध्ये वटवाघळांना मारणाऱ्या ‘पांढरं नाक’ या बुरशीच्या रोगामुळे पेटला आणि अजून पुरता विझलेला नाही. एका बाजूला वन्यजीव खात्याचे अधिकारी आहेत. दुसऱ्या बाजूला सुट्टी मिळाली की दोर आणि हेल्मेट घेऊन गुहेत उतरणारे हौशी, आणि तिकीट लावून गुहा दाखवणारे मालक. माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेक गुहांना हिवाळ्यात कुलूप हवं आणि उन्हाळ्यात नको. वर्षभर बंद ठेवणं हा सरकारी आळस, आणि वर्षभर उघडी मागणं हा हौशी मंडळींचा हट्ट. असं का म्हणतो हे कळायला वटवाघूळ हिवाळा कसा काढतं ते बघावं लागतं. वादात दोन्हीकडून भरपूर बोललं जातं, पण नेमकं याच गोष्टीवर कमी.

तिथलं लहान तपकिरी वटवाघूळ घ्या. शरदात, म्हणजे भरपूर खाऊन झाल्यावर, त्याचं वजन जेमतेम आठ-दहा ग्रॅम भरतं आणि त्यातले दोन-अडीच ग्रॅम ही चरबी असते. ऑक्टोबरात थंडी पडली की हवेतले किडे संपतात, ते थेट एप्रिल-मेपर्यंत. एवढ्या काळाची शिदोरी म्हणजे ते दोन-अडीच ग्रॅम. ती पुरवायचा एकच मार्ग आहे, खर्च जवळजवळ थांबवणं. म्हणून ही वटवाघळं अशा गुहा आणि जुन्या खाणी शोधतात जिथे तापमान गोठणबिंदूच्या वर, पण दहा अंशांच्या खाली टिकून राहतं आणि हवेत भरपूर ओल असते. तिथे छताला लटकून ती आपलं अंग दगडाइतकं थंड होऊ देतात. उडताना मिनिटाला शेकड्यांनी पडणारे हृदयाचे ठोके दहा-वीसवर येतात. दोन श्वासांमध्ये कधी अर्ध्या तासाहून जास्त वेळ जातो. अंगावर दंव जमून मोत्यांनी मढवल्यासारखी दिसणारी त्यांची छायाचित्रं याच अवस्थेतली. ती सुंदर दिसतात, पण ती काढायला कुणीतरी ऐन हिवाळ्यात दिवा घेऊन आत गेलेलं असतं, हेही विसरू नये.

ही झोप सलग नसते. दर दोन-तीन आठवड्यांनी वटवाघूळ स्वतःहून जागं होतं, शरीर पुन्हा पस्तीस-सदतीस अंशांपर्यंत तापवतं, पाणी पितं, लघवी करतं, कधी जागा बदलतं आणि काही तासांत परत थंड पडतं. का जागं होतं यावर अभ्यासकांमध्ये मतं वेगवेगळी आहेत, पण खर्चावर नाहीत. अख्ख्या हिवाळ्यातला जागेपणाचा वेळ टक्का-दोन टक्केही भरत नाही, आणि चरबीतला बहुतेक वाटा मात्र त्यातच जळतो. कॅनडातले संशोधक डोनाल्ड थॉमस यांनी १९९० मध्ये सहकाऱ्यांसह हिशेब मांडला तो असा, की एकदा जागं होण्यात जेवढी चरबी लागते तेवढीवर हे वटवाघूळ दोन महिन्यांहून जास्त काळ झोपून राहू शकलं असतं. म्हणजे आपल्यामुळे झालेली एकेक जादा जाग ही त्याच्या हिवाळ्याच्या शेवटाकडचे दिवस खाते. फेब्रुवारीत कुणी उठवलं म्हणून ते फेब्रुवारीतच मरत नाही. मरतं ते एप्रिलच्या तोंडावर, बाहेर किडे उडायला आठ दिवस उरलेले असताना, आणि तेव्हा उठवणारा तिथे नसतो.

“आम्ही आवाज करत नाही, हात लावत नाही, त्यांच्या अंगावर उजेडही पाडत नाही,” हे हौशी मंडळींचं नेहमीचं म्हणणं. ते खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच वाटतं की वटवाघळं झोपलेलीच होती, कारण बाहेर पडताना त्यांनी ती तशीच पाहिलेली असतात. याच थॉमस यांनी १९९५ मध्ये दाखवलं की माणूस नुसता येऊन गेला तरी अर्ध्या तासाच्या आत वटवाघळांची हालचाल वाढायला लागते, पुढचे काही तास ती वाढतच राहते आणि पूर्ववत व्हायला आठ तासांच्या वर जाऊ शकतात. एक जागं झालं की ते शेजाऱ्यांना धक्के देतं, आणि जाग घोळक्यातून पसरत जाते. पाहुणे तोवर गाडीत बसून घरी पोचलेले असतात. माणसाच्या सदिच्छेवर हा प्रश्न सोडता येत नाही, असं मी म्हणतो ते यामुळे. ज्या नुकसानाचा परिणाम करणाऱ्याला कधीच दिसत नाही, त्याला आवर फक्त नियमानेच घालता येतो.

हे सगळं त्या रोगाच्या आधीपासून माहीत होतं. इंडियाना वटवाघूळ १९६७ सालीच संकटग्रस्त प्राण्यांच्या पहिल्या केंद्रीय यादीत गेलं, आणि कारणांमध्ये हिवाळ्यातला माणसांचा त्रास ठळक होता. हे वटवाघूळ एका चौरस फुटात तीनशेच्या आसपास एकमेकांना खेटून लटकतं. अशा ठिकाणी एका टॉर्चचा हिशेब एका प्राण्यापुरता राहत नाही.

मग रोग आला. फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीच्या पश्चिमेला हाउज केव्हमध्ये एका गुहाभटक्याने नाकावर पांढरी बुरशी असलेल्या वटवाघळांचं छायाचित्र काढलं. याच गुहेचा एक भाग हाउ कॅव्हर्न्स नावाने तिकीट लावून दाखवला जातो. लिफ्टने खाली उतरायचं आणि आतल्या तळ्यावर होडीतून फेरी मारायची. पुढच्या एक-दोन हिवाळ्यांत आसपासच्या गुहांतून भर बर्फात, दिवसाढवळ्या वटवाघळं बाहेर पडून मरू लागली. व्हरमॉंटमधली एओलस गुहा, न्यू इंग्लंडमधलं त्यांचं सगळ्यात मोठं हिवाळी ठाणं, तिच्या तोंडाशी मेलेल्या वटवाघळांचा खच पडला. ही बुरशी थंडीत वाढणारी आहे. वीस अंशांच्या वर ती वाढत नाही, म्हणून जाग्या, ऊबदार वटवाघळाला ती फारसं काही करू शकत नाही. थंड पडलेलं, प्रतिकारशक्ती मंदावलेलं शरीर हीच तिची जमीन. पंखांची कातडी ती पोखरते, अंगातलं पाणी कमी होतं, आणि वटवाघूळ पुन्हा पुन्हा जागं होतं. म्हणजे रोगही शेवटी मारतो तो त्याच वाटेने, चरबी वेळेआधी संपवून. दहा वर्षांच्या आत तीन जातींची नव्वद टक्क्यांहून जास्त संख्या गेली: लहान तपकिरी, उत्तरेकडचं लांबकान्या आणि तिरंगी. लांबकान्याला २०२२ च्या अखेरीस धोक्यात आलेली जात म्हणून जाहीर करावं लागलं.

या जातींना वर्षाला एक, फार तर दोन पिल्लं होतात. लहान तपकिरी वटवाघूळ तीस वर्षांहून जास्त जगल्याच्या नोंदी आहेत. अशा सावकाश जगणाऱ्या प्राण्याची संख्या घसरली की उंदरासारखी दोन हंगामांत भरून येत नाही.

सरकार हललं ते इथे. मार्च २००९ मध्ये केंद्रीय वन्यजीव खात्याने रोग पोचलेल्या आणि त्यांना लागून असलेल्या राज्यांत गुहांमध्ये जाणं थांबवा असं आवाहन केलं. वनखात्याने आपल्या जमिनीवरच्या गुहा बंद केल्या, त्याही ऋतू न बघता. गुहाभटके चिडले, आणि त्यांचे दोन मुद्दे मला पूर्ण पटतात. पहिला असा की रोग पसरतो तो मुख्यतः वटवाघळाकडून वटवाघळाकडे. गुहेला कुलूप लावल्याने वटवाघूळ थांबत नाही. दुसरा मुद्दा त्याहून वजनदार. रोगाचा पहिला पुरावा मिळाला तो एका गुहाभटक्याच्या कॅमेऱ्यातून, कुठल्या खात्याच्या पाहणीतून नव्हे. किती गुहा कुठे आहेत, कुठल्या फटीत कुठली जात लटकते, हे ज्ञान याच लोकांकडे आहे, आणि त्यांनाच सरसकट बाहेर काढलं तर खात्याचेच डोळे बांधल्यासारखं होतं.

पण मग त्यांचा एक गट जो निष्कर्ष काढतो, की बंदी निरर्थकच आहे, तिथे मी थांबतो. ही बुरशी अमेरिकेत मुळात होती कुठे? युरोप आणि आशियातल्या वटवाघळांवर ती फार पूर्वीपासून आहे आणि तिथे ती अशी सरसकट मारत नाही. अटलांटिक ओलांडून वटवाघूळ गेलं नाही, माणूस गेला. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने तिच्या जनुकांचा माग युक्रेनच्या पोडिलिया भागापर्यंत नेला. जिप्समच्या प्रचंड लांब गुहांसाठी तो भाग जगभरच्या गुहाभटक्यांमध्ये प्रसिद्ध आहे. बूट किंवा दोराला चिकटलेली थोडी माती, एवढंच पुरलं असावं. मार्च २०१६ मध्ये हा रोग अचानक पश्चिम किनाऱ्यावर वॉशिंग्टन राज्यात सापडला, तोवरच्या सर्वांत जवळच्या ठिकाणापासून सुमारे दोन हजार किलोमीटर दूर. रोज-रोजचा प्रसार वटवाघळांचा असेल, पण लांबच्या उड्या माणसाच्या असू शकतात. त्यावर उपाय आहे आणि तो बंदीपेक्षा स्वस्त आहे: सामान किमान ५५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवायचं, आणि रोगाच्या भागातलं सामान निरोगी भागात न्यायचंच नाही. केंटकीतल्या मॅमथ केव्हने २०१३ मध्ये रोग सापडल्यावरही दारं बंद केली नाहीत. बाहेर येणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला जंतुनाशकाने भिजवलेल्या पायपुसण्यांवरून चालायला लावलं.

म्हणजे माणसामुळे दोन वेगवेगळे धोके आहेत आणि वादात त्यांची सतत गल्लत होते. बुरशी वाहून नेण्याचा धोका बाराही महिने आहे आणि तो गरम पाण्याने टळतो. झोपमोडीचा धोका फक्त हिवाळ्यात आहे आणि तो टाळायला न जाण्याखेरीज दुसरा इलाज नाही. पहिल्यासाठी गुहा बंद करायची गरज नाही. दुसऱ्यासाठी मात्र आहेच, आणि बुरशीने आधीच अर्धी शिल्लक खाल्लेली असताना तर पूर्वीपेक्षा जास्त आहे.

कुलूप कसलं, हाही प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर इंडियाना राज्यातल्या वायंडॉट गुहेने फार पूर्वी दिलं आहे. १९५० च्या दशकात या गुहेच्या तोंडाशी दगडी भिंत घातली गेली. आत हिवाळा काढणाऱ्या इंडियाना वटवाघळांची संख्या हजारांवरून पाहता पाहता काही शेकड्यांवर आली. कुणी त्यांना मारलं नव्हतं. भिंतीमुळे बाहेरची गार हवा आत उतरेना, गुहा काही अंशांनी ऊबदार झाली, आणि ऊबदार गुहेत झोपलेल्या वटवाघळाची चरबी लवकर संपते. १९७७ मध्ये भिंत काढून लोखंडी सळ्यांचा दरवाजा बसवला. वारा मोकळा झाला, गुहा पुन्हा थंड झाली, आणि पुढच्या तीन दशकांत संख्या भिंतीच्या आधीच्या अंदाजाच्याही पुढे गेली. आज असे दरवाजे बसवताना आडव्या सळ्यांमध्ये साधारण पावणेसहा इंचांची फट ठेवतात. तेवढ्यातून वटवाघूळ उडत जातं, माणूस जात नाही. पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट फटीच्या मापापेक्षा ही, की माणसाला अडवणारं कुलूपही वटवाघळांना मारू शकतं. “बंद केलं, संपलं” असं म्हणणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला वायंडॉट दाखवून आणावी.

याच गुहेने नंतरच्या वादातही शहाणपणा दाखवला. २००९ मध्ये राज्याने ती रोगामुळे बंद केली. काही वर्षांनी, २०१६ च्या उन्हाळ्यात, पुन्हा उघडली ती फक्त उन्हाळ्यापुरती. मला हवी असलेली व्यवस्था हीच आहे. आसपासच्या गावातल्या हॉटेलवाल्याला आणि वाटाड्यांना सुट्ट्यांच्या मोसमात धंदा मिळतो. हिवाळ्यात तसाही पर्यटक कमी, त्यामुळे बंदीने बुडणारं उत्पन्न भरून न येण्याजोगं नाही. अपवाद आहेत. करडं वटवाघूळ उन्हाळ्यातही गुहेतच राहतं आणि तिथेच पिल्लं वाढवतं, त्याच्या गुहा उन्हाळ्यात बंद हव्यात. प्रत्येक गुहेचं वेळापत्रक तिच्या रहिवाशांवरून ठरायला हवं. सरसकट आदेश काढणं सोपं जातं, कारण त्याला कुणाला गुहेत जाऊन मोजावं लागत नाही.

जुन्या खाणींची गोष्ट याहून अवघड. तिथे सुरक्षेचा कायदा सांगतो बुजवा. मिशिगनमध्ये आयर्न माउंटन गावात मिली नावाची बंद पडलेली लोखंडाची खाण आहे, सरळ खाली जाणारा खोल शाफ्ट. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बुजवायचं ठरलं होतं. आत हजारो वटवाघळं हिवाळा काढतात हे वेळेवर कळलं आणि तोंडावर पोलादी पिंजरा बसवला गेला. वेळेवर कळलं हे नशीब. हिवाळ्यात कुणी डोकावलंच नाही म्हणून वटवाघळांसकट बुजलेल्या खाणी किती असतील, ते आता मोजता येणार नाही.

पैसा मात्र दुसरीकडेच जास्त धावतो: औषधी फवारे, लस, अतिनील किरण. संशोधन व्हावंच. तरी हजारो गुहांमधल्या प्रत्येक फटीत फवारा मारता येत नाही, आणि गुहेत बुरशीवर औषध मारलं तर तिथल्या बाकीच्या, निरुपद्रवी बुरशांचं काय, हाही प्रश्न उरतो. मला जास्त आशा वाटते ती हिवाळ्याचं गणित सुधारणाऱ्या उपायांची. बॅट कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल या संस्थेने हिवाळी ठाण्यांजवळ रात्री अतिनील दिवे लावून किडे गोळा करून पाहिले, म्हणजे झोपायच्या आधी आणि उठल्यावर वटवाघळांना थोडक्या श्रमात पोटभर खाता येतं. जिथे लहान तपकिरी वटवाघळं तग धरून आहेत तिथली काही आधीपेक्षा जास्त चरबी घेऊन हिवाळ्यात शिरताना आढळली आहेत. दुसरा उपाय थंडावा. मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये दिसलं की थंड जागी झोपलेली वटवाघळं जास्त वाचतात, कारण तिथे बुरशी हळू वाढते. तरीही निम्म्याहून जास्त वटवाघळं ऊबदार कोपरेच निवडत राहिली. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय चार-पाच वर्षांत सुटत नाही. खाणींमधली हवा खेळती करून असे कोपरे थंड करणं हे माणसाला जमण्यासारखं काम आहे. पण दिव्यांनी कमावलेली चरबी जानेवारीतल्या सहलीने उडवायची असेल, तर दिवे न लावलेले बरे.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं विचारणाऱ्याला सहसा डॉलरचे आकडे सांगतात. २०११ मध्ये मांडलेला अंदाज असा होता की वटवाघळं अमेरिकी शेतीला वर्षाला ३.७ ते ५३ अब्ज डॉलर वाचवून देतात. एवढ्या ऐसपैस अंदाजाला मी फार मान देत नाही. त्यापेक्षा २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेलं एयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञाचं काम मला जास्त अस्वस्थ करतं. रोग ज्या तालुक्यांत पोचला तिथल्या शेतकऱ्यांनी कीटकनाशकं सुमारे ३१ टक्के जास्त वापरली, आणि त्याच तालुक्यांत अपघात वगळता अर्भकांचे मृत्यू सुमारे आठ टक्क्यांनी वाढले. हे आकडेवारीतून काढलेलं नातं आहे, एकेका बाळाच्या मृत्यूचं कारण कुणी तपासलेलं नाही, म्हणून ते जपूनच उच्चारावं. पण रोग कुठल्या वर्षी कुठल्या तालुक्यात पोचावा यात शेतकऱ्याचा काही हात नव्हता, आणि या अभ्यासाचं वजन त्यातच आहे. गुहेच्या दरवाज्याचा खर्च कुणी द्यायचा हा प्रश्न यानंतर फक्त वन्यजीव खात्याचा राहत नाही. शेती आणि आरोग्य खात्यांनीही त्यात वाटा उचलायला हवा.

आपल्याकडे ही बुरशी टिकेल अशा थंड गुहा सह्याद्रीत सहसा नाहीत, तेव्हा पांढऱ्या नाकाच्या भीतीने इकडच्या लेण्या बंद करायची कुणी मागणी केली तर ती चुकीची ठरेल. इकडची वटवाघळं तशी पाच-सहा महिने झोपतही नाहीत. मात्र त्यांनाही अडचणीचे महिने असतात. उंदरासारखी लांब शेपटी असलेली वटवाघळं कोरड्या प्रदेशात हिवाळ्याआधी शेपटीच्या बुडाशी आणि पोटाखाली चरबी साठवतात आणि थंडीचे दिवस सुस्त बसून काढतात. किल्ल्यांवरचा ट्रेकिंगचा भर पावसाळा आणि हिवाळा असा असतो. अंधाऱ्या कोठीत धूर करून वटवाघळं हुसकावणं आपल्याकडे स्वच्छतेत मोडतं. कायद्यानेही त्यांना फार काही दिलं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं अनेक दशकं उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, ती यादी २०२२ च्या दुरुस्तीने गेली. किडे खाणाऱ्यांपैकी त्या काळात सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या यादीत जागा होती ती रॉटनच्या मोकळ्या शेपटीच्या वटवाघळाला. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहा ही त्याची जगाला माहीत असलेली एकमेव जागा, असं बहुतेक सगळं विसावं शतक मानलं जात होतं.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या अशा ठिकाणी कुलूप लावायचं की नाही, हे अमेरिकेचं वेळापत्रक उचलून ठरणार नाही. तिथे बंदीचा महिना झोपेचा असतो, इथे तो बहुधा पिल्लांचा असेल. म्हणून वनखात्याने आणि गिर्यारोहण संस्थांनी मिळून आधी एवढं करावं: मोठ्या वस्त्या असलेल्या गुहा आणि किल्ल्यांवरच्या कोठ्या निवडाव्यात, संध्याकाळी बाहेरच बसून, आत न जाता, दर महिन्याला बाहेर पडणारी वटवाघळं मोजावीत, आणि पिल्लं कुठल्या महिन्यांत दिसतात ते टिपून ठेवावं. दोन वर्षांच्या नोंदी झाल्या की कुठली जागा कुठल्या महिन्यांत सोडून द्यायची याची पाटी पायथ्याशी लावता येईल. उरलेल्या महिन्यांत तिथे जायला कुणाचीच हरकत असू नये, माझी तर नाहीच.